पिशवीतली फाईल आधी उघड

आदरणीय वकील मॅडम,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आमच्या बांधाचा दावा मी सहावीत असल्यापासून चालू आहे. अण्णा दर तारखेला फाईल पिशवीत घालून एस.टी.नं जातात आणि संध्याकाळी येऊन ‘पुढची तारीख पडली’ एवढंच सांगतात. मला वकील व्हायचंय. आतेभाऊ पुण्यात पाच वर्षांचा लॉ करतोय. तो म्हणतो, बी.ए. करून एलएल.बी. केलेल्यांना कुणी विचारत नाही, आत्ताच सोड आणि पाच वर्षांच्या कोर्सला लाग. एका क्लासवाल्यानं सीईटीसाठी चाळीस हजार सांगितले. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी वाचताना दम लागतो. आई म्हणते, वकिलीत पहिली पाच वर्षं पैसे नसतात, तोवर तुझं लग्न कोण थांबवणार? बी.ए. होईपर्यंतच्या या दिवसांत मी नेमकं काय करू?

— एस.वाय.ची एक

आधी आतेभावाचा हिशेब मिटवू, म्हणजे डोक्याला लागलेला तो भुंगा जाईल. बी.ए. पूर्ण करून तीन वर्षांचं एलएल.बी. केलंस तर बारावीनंतर सहा वर्षं. एस.वाय. संपवून सोडलंस आणि पाच वर्षांच्या कोर्सला गेलीस तर दोन आणि पाच, सात. म्हणजे घाई करून तू एक वर्ष मागे पडतेस. बारावीला असतीस तर गोष्ट वेगळी, तेव्हा मीही पाच वर्षांच्या कोर्सचा विचार कर म्हटलं असतं. आता तो प्रश्न उरलेला नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोघांनाही महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच देते, आणि उलटतपासाला उभं राहिल्यावर समोरचा साक्षीदार तुझा कोर्स किती वर्षांचा होता ते विचारत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॉ फर्म नवी मुलं घेताना राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे आधी बघतात, हे खरं. पण तुला ते काम हवं असतं तर तुझ्या पत्राची सुरुवात बांधापासून झाली नसती.

तेव्हा बी.ए. कर. तीन वर्षांची पदवी एलएल.बी.ला पुरते, ऑनर्सच्या चौथ्या वर्षाची गरज नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हा उंबरठा आहे, त्याच्या फार वर राहा. आणि तुझ्या वर्गात कुणी बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षेवर मुक्त विद्यापीठाची थेट पदवी घेऊन लॉला जायच्या विचारात असेल, तर तिला आत्ताच सावध कर. दहावी, बारावी आणि मग पदवी, हा क्रम बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे. सगळं झाल्यावर सनदेपाशी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता पिशवी. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे आणि तू ती तक्रार म्हणून सांगितलीस. लॉ कॉलेजातल्या मुलांना खरी फाईल हातात मिळायला शेवटचं वर्ष उजाडतं. काहींना तर सनद हातात आल्यावरच मिळते. तुझ्या घरात ती खुंटीला टांगलेली आहे.

अण्णांना विचारून येत्या रविवारी ती जमिनीवर पसर. पिशवी बहुधा एखाद्या साडीच्या दुकानाची असेल, आत टाचण्या गंजून कागदांना तपकिरी भोकं पडली असतील, आणि क्रम म्हणून काही नसेल, कारण प्रत्येक तारखेचा कागद वरून खुपसलेला असतो. टाचण्या काढू नकोस, कागदावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढू नकोस. शंभर पानी वही घे. प्रत्येक कागदाला वहीत एक ओळ द्यायची: तारीख, कुणी लिहिला, कुणाला लिहिला, त्यात काय म्हटलंय. दाव्याची नक्कल, समोरच्याची कैफियत म्हणजे त्याचं लेखी उत्तर, मनाई हुकमाचा अर्ज, त्यावरचं म्हणणं, मोजणीचा नकाशा, सातबारे, फेरफार, एखादं पिवळं पडलेलं खरेदीखत. सगळे कागद झाले की त्या ओळी तारखेप्रमाणे लावून पुन्हा लिहून काढ. ही झाली तारीखवार यादी. सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्या याचिकेलाही सुरुवातीला अशीच यादी लागते, आणि कुठल्याही सिनियरकडे ज्युनियर म्हणून गेलीस तर पहिल्या आठवड्यात हेच काम पुढ्यात येईल.

तारखेपुढे वार लिही. याचं कारण मला महागात पडलंय. ज्युनियर असताना मी सिनियरांच्या डायरीत तारखा उतरवायचे. एकदा माझ्याच घाईच्या अक्षरातला ११ मी १९ वाचला. अकरा तारखेला पुकारा झाला, आमच्या बाजूनं कुणीच नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. तो पुन्हा मूळ नंबरावर घ्यायला अर्ज, शपथपत्र, पक्षकाराचे हेलपाटे, आणि आठ महिने. सिनियर एक शब्द बोलले नाहीत, त्यांनी फक्त ते म्हातारे पक्षकार आले की मला समोर बसवून ठेवलं. तेव्हापासून माझ्या डायरीत ‘११, मंगळवार’ असंच असतं. वार आणि तारीख जुळली नाही की हात आपोआप थांबतो.

यादी करताना तू सातबारा पहिल्यांदा नीट वाचशील. आपण त्याला एक कागद समजतो, पण त्यात गावचे दोन नमुने आहेत. नमुना ७ मध्ये जमीन कुणाच्या नावे, आणि नमुना १२ मध्ये पीक काय. नावापाशी जो आकडा असतो तो फेरफाराचा नंबर. त्या नंबराचा फेरफार, म्हणजे नमुना ६ ची नोंद, काढलीस की ते नाव तिथं कसं आलं ते कळतं: वारसानं, खरेदीनं की वाटणीनं. मग क्षेत्र बघ. जुन्या खरेदीखतात ते एकर-गुंठ्यांत असतं, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. एकराचे ४० गुंठे, हेक्टरचे १०० आर. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर, आर म्हणजे बरोबर १००. दोन्ही इतके जवळचे की बोलताना लोक एकच धरतात. एक-दोन गुंठ्यांत फरक कळतही नाही, पण पाच एकराला तो सव्वादोन आरच्या वर जातो, आणि बांधावर सव्वादोन आर म्हणजे दोन भावांनी एकमेकांच्या लग्नाला न जाण्याइतकी जमीन. तुमच्या फाईलमध्ये असं काही असेलच असं नाही. पण असलं तर ते तूच शोधायला हवंस, कुणी सांगून नव्हे.

आणखी एक. सातबारा दाखवला की जमीन आपली, असं गावात सगळ्यांना वाटतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ म्हणतं की अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या कागदातली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांवर माझी अर्धी वकिली चालली आहे.

दाव्याच्या कागदांवर सीएनआर नंबर असेल, म्हणजे त्या दाव्याचा ओळख क्रमांक, सोळा अक्षरं-आकड्यांचा. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप घे आणि तो टाक. कोणत्या तारखेला काय झालं ते ओळीनं दिसेल. अण्णांच्या ‘पुढची तारीख पडली’च्या मागे दर वेळी एक कारण असतं: साहेब रजेवर, समोरच्यानं मुदत मागितली, साक्षीदार आला नाही, मोजणीचा अहवाल आलेला नाही. ती कारणंही यादीत घे. मात्र हे सगळं कळलं म्हणून अण्णांच्या वकिलांना जाब विचारायला जाऊ नकोस. अर्धवट माहितीवर तावातावानं आलेला पक्षकाराचा मुलगा हा आमच्या धंद्यातला रोजचा ताप आहे, मुलगी आली तरी ताप तोच. अण्णांबरोबर जा, बाजूला बस आणि एकच विचार: ‘साहेब, दावा आता कोणत्या टप्प्यावर आहे?’ मुद्दे, म्हणजे कोर्टानं ठरवायचे वादाचे प्रश्न, निघाले का, पुरावा कुणाचा चालू आहे, सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूनं विचारणं) झाला की उलटतपास (समोरच्या वकिलानं विचारणं) बाकी आहे. नीट विचारलंस तर बहुतेक वकील सांगतात. आणि हेही सांगून ठेवते: तुला सनद मिळेपर्यंत हा दावा कदाचित निकाली निघालेला असेल. आपल्याच घरची केस जिंकण्यासाठी वकील व्हायचं असं मनात असेल तर ते आत्ताच मोकळं करून टाक. घरच्या केसमध्ये डोकं थंड राहत नाही. या फाईलवर तू फक्त वाचायला शीक.

कारण आमचं काम नव्वद टक्के वाचणं आहे, हे कुणी आधी सांगत नाही. सिनेमातलं भाषण बघून मुलं येतात आणि दुसऱ्या महिन्यात नक्कल अर्जाच्या रांगेत उभी राहून कंटाळतात. तुझ्या हातात आता दीड वर्ष आहे, त्यात कायद्याची गाइडं विकत घेऊ नकोस. भारतीय न्याय संहितेचा बेअर अ‍ॅक्ट घे, म्हणजे टीका-टिप्पणी नसलेला नुसता कायदा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय दंड संहितेच्या जागी आला. ५११ कलमांची ३५८ झाली, आणि आकडे पाठ केलेल्या आमच्या पिढीची पंचाईत झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. ‘चारसोबीस’ ही शिवी मात्र टिकेल असं दिसतंय. सांगायचं एवढंच की आकडे पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. कलमाचं वाक्य वाचायला शीक.

कसं, ते चोरीच्या कलमावर दाखवते. कलम ३०३. माझ्या शब्दांत सांगायचं तर: कुणाच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्यानं हलवली, की चोरी. आता एकेक शब्द सुटा कर. ‘मालकीची’ असं म्हटलेलं नाही, ‘ताब्यातली’ म्हटलंय. कायद्यात उदाहरण आहे: एकानं आपलं घड्याळ दुरुस्तीला दिलं, पैसे दिले नाहीत, दुकानदारानं पैशापोटी ते हक्कानं ठेवून घेतलं, आणि दुकानदाराचं ते तारण बुडवायचं म्हणून मालकानं ते उचलून आणलं. स्वतःच्याच घड्याळाची चोरी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचलं होतं.

मग ‘जंगम’ बघ. जमिनीत उभं असलेलं झाड जंगम नाही, म्हणून उभ्या झाडाची चोरी होत नाही. तोडून जमिनीपासून सुटं झालं की त्या क्षणापासून होऊ शकते. हेही स्पष्टीकरण कायद्यातच आहे. आता तुमचा बांध घे. समज, बांधावरची बाभळ शेजाऱ्यानं तोडून नेली, आणि बांध कुणाचा याचाच दावा चालू आहे. चोरी झाली का? बाभळ आपलीच आहे असं त्याला मनापासून वाटत असेल, तर ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाचं काय करायचं? आणि आपलीच आहे असं तो नुसतं म्हणतोय की खरंच मानतोय, हे ठरवायचं कशावरून? रात्री जेवताना हा प्रश्न घरात टाक. अण्णा एक बोलतील, चुलते दुसरं, आणि तू शब्दाला धरून राहिलीस तर वाद कुठे फिरतोय ते तुला दिसेल. रोज एक कलम असं फोडायचं. वर्षभरात तुझं वाचन तुझ्या आतेभावापेक्षा वेगळं होईल, त्याला न सांगता.

कोर्टात जाऊन बसणं हे त्याच्या जोडीचं. आपल्याकडे न्यायालय खुलं असतं. काही प्रकरणं बंद दरवाज्याआड चालतात, ती सोडली तर कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. आठवड्यातून एक दिवस कॉलेज बुडवून नव्हे, सुट्ट्यांत जा. कॉलेजच्या आणि कोर्टाच्या सुट्ट्या सगळ्या जुळत नाहीत, त्याचा फायदा घे. अकराच्या आत पोच, दाराशी लावलेला बोर्ड वाच, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. फोन बंद, नुसता सायलेंट नव्हे. रेकॉर्डिंगचा विचारही नको. पट्टेवाल्याला सांग की विद्यार्थिनी आहे, ऐकायला आलेय, तो बहुधा जागा दाखवतो.

पहिले दोन दिवस काही कळणार नाही. पुटपुटल्यासारखं चालतं, लोक येतात, वाकतात, तारीख घेतात, जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहील. तेव्हा युक्तिवादापेक्षा उलटतपास ऐक. चांगला वकील आवाज चढवत नाही. तो लहान लहान प्रश्न विचारतो, ज्यांना ‘हो’ म्हणण्यावाचून साक्षीदाराला गत्यंतर नसतं, आणि नेमका शेवटचा प्रश्न विचारायचा सोडून देतो. नवखा वकील तो शेवटचा प्रश्न विचारतो आणि मिळवलेलं सगळं घालवतो. घरी येऊन वहीत तीन ओळी लिही: काय प्रकरण होतं, कोणता प्रश्न आवडला, काय कळलं नाही. ‘काय कळलं नाही’ ही ओळ कधी रिकामी सोडू नकोस.

आता इंग्रजी. तू त्याला घाबरतेस, आणि मराठीला किंमत देत नाहीस, दोन्ही चुकीचं. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदार बोलतो तो तर त्याच्या गावच्या मराठीत. पुण्या-मुंबईकडचा वकील ‘वावर’ म्हणजे काय हे विचारतो तेव्हा न्यायाधीशही हसतात. तुझ्या भागात जुने महसुली कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, काही मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा ही दोन्ही वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते तू पेपरात वाचलं असशील. कधी मोडीचा वर्ग निघाला तर जाऊन बस. जमिनीच्या वकिलीत ती विद्या मरेपर्यंत उपयोगी पडते.

पण उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतात, त्यांचे निवाडे इंग्रजीत, आणि तालुक्याच्या कोर्टात मराठीत बोलतानाही हातात निवाडा इंग्रजीच असतो. त्यामुळे इंग्रजी टाळून चालणार नाही. तुला इंग्रजी बोलण्याचा क्लास लावायला सांगत नाही. संविधानाची मराठी-इंग्रजी द्विभाषी प्रत घे. राज्यशास्त्रालाही ती लागणारच आहे. आज अनुच्छेद १४, उद्या १९, परवा २१. आधी इंग्रजी, मग मराठी, आणि मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत दोन ओळी. तीन महिन्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या एखाद्या निवाड्याचा रोज एकच परिच्छेद घे आणि त्याचा मराठीत सारांश लिही. एकच. दम लागला तर थांब, दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद घे. मीही मराठी शाळेतली. पहिला निवाडा वाचायला मला चार दिवस लागले होते, तो नऊ पानांचा होता.

आणि टायपिंग शीक. जीसीसी-टीबीसीची, म्हणजे संगणक टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेची, मराठी ३० आणि इंग्रजी ३० (मिनिटाला शब्द) तालुक्याच्या ठिकाणी होऊन जाते. ज्या ज्युनियरला मराठी टाइप करता येतं, त्याला सिनियर पहिल्या दिवशी खुर्ची देतात, बाकीचे महिनाभर उभे असतात.

सीईटीबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलं असतंस असं मला वाटलं होतं, पण तुझी एकच ओळ आहे, बरं केलंस. राज्याच्या सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या लॉची परीक्षा सध्या १२० प्रश्नांची, दोन तासांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. त्यात इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, लीगल अ‍ॅप्टिट्यूडचे, म्हणजे कायद्याकडचा कल तपासणारे, २४, तर्काचे २४. टी.वाय.ला असतानाच देता येते. म्हणजे वर सांगितलेलं वाचन तू केलंस तर एक तृतीयांश पेपर त्यातच निघतो, आणि रोजचं एक वर्तमानपत्र दुसरा मोठा भाग काढतं. टी.वाय.च्या दिवाळीनंतर जुने पेपर घड्याळ लावून सोडव. चाळीस हजार देऊ नकोस. फार तर नुसती सराव चाचण्यांची मालिका घे.

एक खोड मात्र आधीच मोड. लीगल अ‍ॅप्टिट्यूडच्या प्रश्नात आधी एक तत्त्व देतात, मग घटना. समज, तत्त्व असं: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत जाणं म्हणजे अतिक्रमण, हेतू काहीही असो. घटना: वासरू सुटलं, ते आणायला एकजण शेजाऱ्याच्या कुंपणात शिरला. आपलं मन लगेच म्हणतं, बिचारा वासरासाठी गेला. उत्तर आहे: अतिक्रमण. दिलेलं तत्त्व लावायचं, आपला न्याय नाही. गावाकडची हुशार मुलं इथंच गुण घालवतात, कारण त्यांना वासरू दिसतं.

कॉलेज कोणतं, हे मार्क आल्यावर बघू. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. मिळालं तर सोडू नकोस. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचंही तेच. नाही मिळालं तर लातूरचं दयानंद किंवा संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, आणि दुपारनंतर चालत कोर्टात किंवा एखाद्या ऑफिसात जाता येईल अशी खोली. मी तर म्हणेन कॉलेजपेक्षा खोली नीट निवड.

राहता राहिली आई. तिचं म्हणणं खरं आहे, ते उडवून लावू नकोस. पहिली काही वर्षं पैसे नसतात. माझे सिनियर मला महिन्याला एस.टी.चा पास काढून द्यायचे, तेवढंच. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस. तालुक्याच्या कोर्टात हा आकडा सांगितलास तर लोक चहा मागवतील. परवडायचं कसं, याचा विचार आत्ताच हवा. एक, फी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकार भरतं, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, जे तुला लागू आहे ते टी.वाय.च्या उन्हाळ्याआधी काढून ठेव. फेरीच्या आठवड्यात सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. सनदेच्या वेळचा खर्चही उतरलाय. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या नोंदणी शुल्कापेक्षा, म्हणजे ७५० रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींना १२५.

दुसरं, तालुका विधी सेवा समितीत जाऊन पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायद्याच्या मदतीपर्यंत पोचवणारी स्वयंसेविका, म्हणून नाव नोंदवता येतं का ते विचार. विद्यार्थी होऊ शकतात, आणि कामाच्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं. पैसे फारसे नाहीत, पण लोकअदालतीच्या दिवशी तू टेबलाच्या आतल्या बाजूला बसशील. तिथं येणाऱ्या बायकांना सांगायला एक गोष्ट पाठ करून जा: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. हे माहीत नसलेल्या बायका तुझ्याच गावात आहेत.

न्यायाधीशाच्या परीक्षेचं आईला आत्ता सांगू नकोस, कारण ती लगेच ‘मग तीच दे’ म्हणेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीश भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे ती पैसे नसलेली वर्षं टळत नाहीतच.

लग्नाचं मी काय सांगू? मी ऑफिस थाटलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, पोर दीड वर्षाची होती, आणि पहिले सहा महिने येणारा प्रत्येक माणूस मला विचारायचा, ‘वकीलसाहेब कधी येतील?’ मी म्हणायचे, ‘बसा, आल्यात.’ आईला माझ्या ऑफिसात घेऊन ये म्हटलं असतं, पण लातूरहून लांब पडेल. तालुक्याच्या कोर्टात आता एखादी तरी बाई वकील असेलच. अण्णांच्या पुढच्या तारखेला आईलाही बरोबर ने आणि बाररूमच्या बाहेर त्या बाईंशी दोन मिनिटं बोलू दे. माझ्या चार पानांपेक्षा ते जास्त चालेल.

तारीखवार यादी झाली की मला पाठव. माणसांची नावं आणि गट नंबर काळ्या पेनानं खोडून. वार लिहायला विसरू नकोस.